माणसं बसली

घर बघायला आलेल्या भाडेकरूला आमचे घरमालक आधी घर दाखवत नसत, गाडीत बसवत. बालाघाटला माझी बदली झाली तेव्हा मीही अशीच बसले, म्हणजे बसायला गेले. दार उघडून एक पाय आत टाकला आणि आतून आवाज आला, "चप्पल घेऊन कुठं चालली, बाई?"

मी मुकाट्याने उतरले. चप्पल काढली, डिकीत एक कापडी पिशवी होती तिच्यात ठेवली आणि अनवाणी आत येऊन बसले. खाली घरमालकांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, जुन्या साडीची शिवलेली गोधडी अंथरली होती. स्टेअरिंगमागे काका बसले होते, तेही अनवाणी. नव्या गाडीची पूजा झाली त्या दिवसापासून तिच्यात कोणी पायात काही घालून चढलं नव्हतं. गाडी सुरू होती, पण हलेना. काका समोर काचेतून पाहत होते. मीही पाहू लागले. समोर भिंत होती.

"ठोक ना," काका म्हणाले.

"काय?"

"तीन ठोके दे तिथं. माणसं बसली म्हून मले कसं समजंन?"

मी त्यांच्या शेजारीच बसले होते, माझा पदर त्यांच्या गिअरच्या दांड्याला लागत होता, तरी त्यांना समजत नव्हतं. मी डॅशबोर्डवर बोटाने तीनदा ठोकलं. गाडी निघाली, चौकातून वळसा घेऊन परत फाटकाशी आली. एवढ्या वेळात काका एक शब्द बोलले नाहीत. उतरल्यावर मात्र ओसरीवर बसलेल्या काकूंना त्यांनी माझ्यादेखत सांगितलं, "ठेव हिले. घाबरट हाय, पण आयकते."

अशी मला वरची खोली मिळाली.

घाबरट मी आहेच. नाकारायचं कशाला? मी विमा कार्यालयात मोटार क्लेमच्या टेबलावर काम करते. दिवसभर समोर चेपलेल्या गाड्यांचे फोटो आणि त्यांच्याखाली लिहिलेली कारणं. डुलकी लागली. पाय घसरला. अचानक गाय आडवी आली. ही कारणं वाचून वाचून रस्त्यावरची प्रत्येक गाडी मला उद्याचा क्लेम दिसते. गाडी चालवायचा परवाना आहे माझ्याकडे. भंडाऱ्याला असताना बाबांनी मागे लागून शिकवलं होतं, आणि तेव्हा मी बरी चालवायचेसुद्धा. पण या टेबलावर बसल्यापासून चारचाकीला हात लावला नव्हता. स्कूटी तेवढी चालवायची, आणि तीही रस्त्याच्या कडेकडेने.

काका जन्मभर मँगनीजच्या खाणीत नोकरीला होते. माणसांना पाळण्यात घालून खाली उतरवायचं आणि पाळी संपली की वर काढायचं, ते यंत्र त्यांच्या ताब्यात होतं. खाणीत त्याला वाइंडर म्हणत, आणि चालवणाऱ्यालाही वाइंडरच. यंत्राच्या खोलीतून पाळणा दिसत नसे, माणसंही दिसत नसत. समोर तबकडी, हाताशी दांडा, पायाशी ब्रेक आणि डोक्यावर घंटा. तीन ठोके आले की माणसं बसली. पाळणा चालू असताना एक ठोका आला की जागच्या जागी थांबायचं.

"काहून थांबायचं ते इचारायचं नाई," काका सांगत. "मी इचारत बसलो असतो तं खालच्या लोकायचं काय झालं असतं?"

"तुम्ही कधी वाजवली का घंटा?" मी एकदा विचारलं होतं.

"मी काहून वाजवन? वाजवते तो पाळण्यातला माणूस. ज्याले न्यायचं हाय तो. माह्यं काम आयकायचं."

नोकरी संपली, पण घंटा घरी आली. त्या घरात हाका मारायची पद्धतच नव्हती. ताट वाढलं की काकू झाऱ्याने ताटाच्या कडेला तीन ठोके देत आणि काका उठून येत. माझ्या खोलीत मिक्सर जास्त वेळ फिरला की खालून छताला काठीचा एक ठोका बसे, आणि मी दचकून बटण बंद करी. चटणी अर्धीच वाटलेली राही. वरून विचारायची सोय नव्हती. एकदा मी जिन्यात उभी राहून म्हटलंही, "काका, दोन मिनिटांचं तर काम होतं." त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पुढचे सगळे दिवस पाट्यावर चटणी वाटली.

त्यांच्या पायाबद्दल त्यांना फार अभिमान होता. हाताने दांडा कोणीही ओढतो म्हणायचे, खरा वाइंडर पायात असतो. "माह्या पायाखाली किती घरची माणसं खाली गेली अन वर आली. एकाले झटका नाई बसला." ब्रेक दाबताना पायाकडे पाहायचं नाही, हा त्यांचा नियम. नजर तबकडीवर. पायाला पायाचं काम समजतं. गाडी चालवतानाही मान खाली करत नसत. मला हे फार आवडायचं. माझ्या टेबलावरच्या कारणांमध्ये असा एखादा माणूस कधी भेटला नव्हता.

गाडी मुलाने घेऊन दिली होती. मुलगा पुण्यात. काकूंचा एक डोळा पूर्वीच गेला होता आणि दुसऱ्याच्या आत रक्त उतरायचं. दर महिन्याला नागपूरला नेऊन त्या डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागे. एक महिना चुकला होता तेव्हा काकूंना दिसणारी खिडकी बसल्या बसल्या काळी झाली होती. नंतर थोडं परत आलं, पण सगळं नाही. तेव्हापासून त्यांना माणसाचा आकार दिसे, चेहरा दिसत नसे. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की तारीख पुन्हा चुकवू नका. भाड्याची गाडी त्यांनी एकदा करून पाहिली होती. तुमसरच्या पुढे ड्रायव्हरची मान पडली, काका ओरडले म्हणून सगळे वाचले. त्या दिवसापासून काका म्हणत, "आपली माणसं आपण नेऊ."

पण लांब गेलं की काकांचा उजवा पाय सुन्न पडे. "झोपते" म्हणायचे ते त्याला. थोडी शुगर होती, गोळी चालू होती, त्याचंच असेल म्हणून सोडून द्यायचे. मुलाने म्हणून मुद्दाम क्रूझ कंट्रोलची गाडी पाठवली. भंडाऱ्याजवळ मोठा हमरस्ता लागला की बटण दाबायचं, काट्यापाशी हिरवा दिवा लागतो, गाडी आपला वेग आपण धरते आणि पाय मोकळा. काकांना या दिव्याचं काय कौतुक! दूधवाल्याला, पोस्टमनला, भाजीवालीला, सगळ्यांना गाडीजवळ नेऊन बटण दाखवून झालं होतं. बालाघाटच्या रस्त्यांवर ते बटण दाबायला जागा कुठे आहे? दाबेपर्यंत म्हैस येते. पण महिन्यातून एकदा त्या हमरस्त्यावर काकांचा पाय सुटीवर जाई, आणि परत आल्यावर ते मला सांगत, "आज त्यानं नागपूरपर्यंत नेलं. मी फक्त बसलतो."

आणि मग एका फेरीत तो दिवा टिकेना.

बटण दाबलं की दिवा लागे. काका पाय उचलून खाली ठेवत, की दिवा गेला. पुन्हा दाबा, पुन्हा लागे, पुन्हा जाई. त्या दिवशी परत येताना त्यांना दोनदा गाडी बाजूला घेऊन पाय चोळावा लागला. घरी आले तेव्हा चेहरा उतरला होता. काकू फाटक चाचपत आत आल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "पोरी, गाडी बिमार झाली. आता रात्रभर हे झोपत नाई."

झोपले नाहीतच. पुढच्या तारखेच्या आत तो दिवा टिकवायचा, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं. मुलाने फोनवर सांगितलं, शोरूमला न्या. शोरूम लांब, तिथली वेळ लवकर मिळेना. काका स्वतःच भिडले. आधी फ्यूज काढून पाहिले. सगळे बरे होते. मग स्टेअरिंगवरच्या बटणात धूळ गेली असेल म्हणून दात घासायच्या जुन्या ब्रशने बटणं साफ केली. मग ब्रेकच्या वरच्या बाजूचं काळं झाकण उघडून आत बॅटरी मारून पाहिलं, काही कळलं नाही, झाकण परत लावलं, आणि लावताना एक स्क्रू कमी भरला.

त्या स्क्रूने घर डोक्यावर घेतलं. लहानसाच, टोकदार. गोधडी झटकली, सीटखाली हात घालून पाहिला, अंगण झाडून कचरा चाळला. मी जिना झाडला होता म्हणून माझ्या केरसुणीचीही झडती झाली. "स्क्रू काय चालत गेला काय?" काका सारखे म्हणत. मला हसू येत होतं, पण हसवत नव्हतं. तारीख जवळ येत होती आणि त्यांचा आवाज रोज थोडा वर चढत होता.

शेवटी बसस्टँडजवळच्या गॅरेजमधला मिस्त्री आला. तो रीतसर बूट काढून आत बसला, वैनगंगेच्या पुलापलीकडे गाडी घेऊन गेला आणि परत येऊन म्हणाला, "चाचाजी, चल तो रहा है. वारासिवनी रोड पे पूरा टाइम लाइट जलती रही."

काका चालवायला बसले, मिस्त्री शेजारी. परत आले ते भांडतच. काकांच्या हाती दिवा लागे आणि जाई.

"ब्रेक को ज़रा भी टच हुआ ना, तो क्रूज कट जाता है," मिस्त्री म्हणाला. "पैर तो नहीं लग रहा आपका?"

मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. माझा हात थांबला. काकांना इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"माह्या पायाले तू इचारतं? पाय कुठं हाय ते मले मालूम नाई? अरे, तुह्या बापाले मी खाली उतरवलं अन वर काढलं हाय, त्याले जाऊन इचार!"

मिस्त्रीचे वडील खरंच खाणीत होते. बिचाऱ्याने हत्यारं पिशवीत भरली. ब्रेकचा स्विच बदलून देतो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी बदलून गेला. दिवा तसाच. लागे आणि जाई.

मग काकांनी स्वतःचा शोध लावला. ते मला जिन्यात अडवून गंभीरपणे म्हणाले, "मले समजलं. जन्मभर मी मँगनीजची धूळ खाल्ली. ते अंगात असते. या गाडीत सगळं करंटचं काम. माह्या अंगानं तिले भूल पडते. मिस्त्रीच्या अंगात काय हाय? नुसता गुटखा."

"अन माह्या अंगात काय हाय?" आतून काकू म्हणाल्या. "तुमचे धुळीचे कपडे मीच धुतले ना जन्मभर? मले तर काही नाई होत."

काका त्या दिवशी रबरी हातमोजे घालून गाडी चालवून आले. दिवा नाही टिकला.

त्याच आठवड्यात एका क्लेमची गाडी बघायला मी स्कूटीवर वारासिवनीला निघाले होते. पूल ओलांडल्यावर पुढे काकांची गाडी दिसली. ते रोज सकाळी त्या सरळ रस्त्यावर दिव्याची परीक्षा घ्यायला जात. मी मागे राहिले. रस्ता रिकामा होता, समोर ना माणूस ना ढोर, आणि त्यांच्या गाडीचे मागचे लाल दिवे मधूनच लागत, बराच वेळ तसेच राहत, मग विझत. ब्रेक दाबायला काही कारणच नव्हतं. मागून धडक बसलेल्या गाड्यांचे किती फोटो मी हाताळले आहेत, आणि मागच्याचं म्हणणं दर वेळी एकच असतं, पुढचा उगीच ब्रेक मारत होता.

संध्याकाळी मी भीत भीत सांगितलं. काका म्हणाले, "स्विच खराब निघाला असंन. नवा माल असाच येते." मी ऐकून घेतलं. आयकते ना मी. रात्री मात्र मला मिस्त्रीचं वाक्य आठवत राहिलं आणि झोप लागली नाही.

तारखेच्या आदल्या दिवशी रविवार होता. काका सकाळीच जिन्याखाली येऊन उभे राहिले. "चल. मी समोर पाहतो, तू दिव्याकडं पाह्य. कवा जाते ते सांग. उद्या नाई टिकला तं पाय साथ देत नाई एवढ्या लांब."

"अन नाहीच टिकला तर?"

"तं तसंच नेईन." ते आत काकूंच्या खोलीकडे पाहत म्हणाले, "ते तारीख नाई चुकू देत मी."

मी चप्पल पिशवीत ठेवली, बसले, तीन ठोके दिले. पुलावरून जाताना खाली वैनगंगेत बायका कपडे धूत होत्या. पूल संपला, रस्ता सरळ झाला. काकांनी वेग धरला आणि बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. मी त्याच्यावर डोळे लावून बसले. काकांनी पाय उचलून ऐसपैस ठेवला. दिवा गेला.

"गेला," मी म्हटलं.

"पाय खाली ठेवला तरी गेला ना? पाह्यलं? पायाचा काय संबंध?"

तेव्हा मी खाली पाहिलं. आजवर ती गाडी चालत असताना कोणी खाली पाहिलं नसावं. काकांनी पाहायचं नसतं आणि काकूंना दिसत नाही. काकांचा पाय गोधडीवर नव्हताच. टाच खाली टेकली होती, पण पुढचा चवडा ब्रेकवर चढून आरामात बसला होता. जन्मभर जिथे राहिला तिथेच जाऊन बसला होता. आणि टाचेखालच्या गोधडीवर तपकिरी डाग होते, जुने सुकलेले, आणि त्यांच्यामध्ये एक ओला, लाल.

"काका, पाय ब्रेकवर आहे तुमचा."

"नाई. खाली हाय."

"काका, ब्रेकवर आहे. मी पाहून राहिले ना."

"खाली हाय म्हणतो ना, बाई! माहा पाय मले नाई समजत काय?" ते समोरच पाहत होते. त्यांच्या आवाजात जराही शंका नव्हती, आणि मला भीती वाटली ती त्याचीच. गाडी आपोआप मंदावत चालली होती. मागून धानाची पोती भरलेला ट्रक हॉर्न देत येत होता, आरशात मोठा होत होता. सांगून तर झालं होतं. मी हात उचलला आणि डॅशबोर्डवर एक ठोका दिला.

काकांनी विचारलं नाही. ठोका पडला त्या क्षणी त्यांनी ब्रेक दाबला, आणि ज्या पायाने कोणाला कधी झटका दिला नव्हता त्या पायाला आपण किती दाबतोय हे कळलं नाही. गाडी जागच्या जागी खिळली. माझं कपाळ काचेजवळ गेलं. ट्रक टायर घासत आमच्या उजव्या बाजूने निसटला, पोत्यांची एक रांग काचेसमोरून सरकली, आणि ट्रकवाला पुढे जाऊन खिडकीतून डोकं काढून शिव्या देत राहिला. मी त्या शिव्या मोठ्या आनंदाने ऐकल्या. ऐकू येत होत्या म्हणजे आम्ही जिवंत होतो.

गाडी कडेला घेतली. मी अनवाणीच उतरून त्यांच्या बाजूला गेले, दार उघडलं आणि त्यांचा पाय हातात घेतला. टाच उलटी केली. मधोमध, मळलेल्या कातडीत, एक चकचकीत गोल डोकं रुतलेलं होतं, त्याच्यावरची चौफुलीसुद्धा दिसत होती. भोवती सगळं सुजून काळंनिळं झालं होतं.

"काका," मी म्हटलं, "स्क्रू सापडला."

ते खाली वाकले. पाय मांडीवर घेऊन किती तरी वेळ पाहत बसले. मग त्यांनी अंगठ्याने त्या स्क्रूचं डोकं दाबलं. माझ्याच तोंडून आवाज निघाला. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"लागून नाई राह्यलं," ते म्हणाले. पुन्हा दाबून पाहिलं. "काहीच नाई लागून राह्यलं, बाई."

मग ते स्वतःशीच म्हणाले, "अन मी माणसं बसवत होतो."

मी मिस्त्रीला फोन केला. तो कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून आला. काका मागच्या सीटवर सरकले होते. मिस्त्री सवयीने खाली बसून बुटाची नाडी सोडू लागला, तर काका म्हणाले, "राहू दे. घालूनच बस." मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मला रडू आवरलं नाही.

डॉक्टरांनी स्क्रू काढला, जखम साफ केली, आणखी उशीर केला असता तर पाय वाचवणं कठीण होतं असं सांगितलं. पाय आता शुगरने बधिर झालाय, रोज संध्याकाळी तळवा बघायचा, अनवाणी चालायचं नाही, गाडी तर विसराच. काका सगळ्याला "हौ" म्हणाले. ते इतके हौ म्हणत होते की मला डॉक्टरांवरच राग आला.

घरी काकूंना मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग काकांच्या पायाशी येऊन बसल्या आणि बँडेजच्या वरून, बोटांवरून, चवड्यावरून हळूहळू हात फिरवू लागल्या. पूर्वी काकांच्या पायाची नखं त्याच कापून द्यायच्या. डोळा गेला तेव्हापासून ते बंद झालं होतं.

"मी हात लावून राह्यली, समजते का?" त्यांनी विचारलं.

काका समोर भिंतीकडे पाहत होते. "कुठं?" ते म्हणाले.

काकूंनी हात काढला नाही. तसाच ठेवून बसल्या.

मग काकांनी उद्याचं काढलं. बँडेजवर चप्पल बांधून चालवीन म्हणाले, हळू नेईन, डाव्या पायाने दाबीन. काकू कधी आवाज चढवत नसत, त्या दिवशीही नाही चढवला. "तुमच्या पायाले समजत नाई अन मले दिसत नाई," त्या म्हणाल्या. "आपल्या दोघायचा मिळून एक माणूस नाई होत. मी नाई बसत तुमच्यासंग."

"मंग कोणासंग बसतं? ते झोपणाऱ्या ड्रायव्हरसंग? डोळा घालवतं काय?"

"हे पोरगी नेईन तं जाईन. नाई तं राहू द्या डोळा."

मी नको म्हणायला तोंड उघडलं. टेबल आठवलं, फोटो आठवले, सकाळचा ट्रक आठवला. काकांनी प्रथमच माझ्याकडे सरळ पाहिलं. त्या नजरेत हुकूम नव्हता, आणि तेच मला सोसवेना. "परवाना आहे माझ्याकडे," मी म्हटलं.

आता त्याला बरेच दिवस झाले. माझी बदली गोंदियाला झाली तरी महिन्यातून एकदा मी रजा टाकून बालाघाटला जाते. काकूंचा डोळा आहे. थोडा आहे, पण आहे. काका रोज संध्याकाळी आरसा जमिनीवर ठेवून त्याच्यावर तळवा धरून बसतात आणि तारीख विचारायच्या निमित्ताने फोन करून मला सांगतात, "आज काही नाई रुतलं." हमरस्त्यावर मी बटण दाबते, दिवा लागतो आणि टिकतो. शेजारी काकांचा उजवा पाय मात्र खाली नसलेला ब्रेक दाबत असतो. त्यांना ते कळत नाही आणि मी सांगत नाही.

पण मला आठवते ती पहिली सकाळ. काका बँडेजवर मोठी सँडल घालून आले आणि गाडीच्या दाराशी थबकले. काकूंनी मागून "घालूनच बसा" म्हटल्यावर त्यांनी आत पाय ठेवला, डावीकडच्या सीटवर. गोधडी धुऊन परत अंथरलेली होती, डाग काही सगळे गेले नव्हते. काकू मागे बसल्या. मी किल्ली फिरवली. क्लच दाबून धरला आणि माझे पाय कुठे आहेत ते एकदा खाली वाकून पाहिलं. मी समोर पाहिलं. समोर फाटक उघडं होतं आणि रस्ता होता. काका काचेतून पाहत बसले होते, नेहमी बसायचे तसेच, ताठ. गाडी हलत नव्हती.

"काका," मी म्हटलं, "ठोका ना."

"मी?"

त्यांचा हात उठला आणि डॅशबोर्डच्या वर तसाच राहिला. खाणीतल्या सगळ्या वर्षांत त्यांनी तो आवाज फक्त ऐकला होता. ते माझ्याकडे पाहत नव्हते. मी वाट पाहिली. घाबरट असले तरी मी ऐकते, आणि त्याआधी गाडी हलवायची नाही हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

"ठोका ना वो," मागून काकू हळूच म्हणाल्या. "पोरगी थांबून राह्यली."

काकांनी ठोकलं. एक. दोन. तिसरा इतका हलका होता की मला तो ऐकू आला की नुसता दिसला, ते अजून सांगता येत नाही.

मी क्लच सोडला.